आधी पाहणी, मगच आखणी

कोकणातल्या सड्यावर पीक येत नाही. पावसाळ्यात त्यावर गवत वाढते, गुरे चरतात आणि उन्हाळ्यात तो काळा पडून तापत राहतो. अशी जमीन कागदोपत्री निरुपयोगी ठरते, आणि रस्त्याची आखणी करणाऱ्यांना ती नेमकी म्हणूनच आवडते. तेथे घरे नाहीत, विहिरी नाहीत, आंब्याची कलमे नाहीत. तेव्हा मोबदला कमी द्यावा लागतो, विस्थापितांचा प्रश्न उद्भवत नाही, आणि पायासाठी जांभा तर निसर्गानेच अंथरून ठेवलेला असतो. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढायची झाली, तर ती सड्यावरून ओढण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कातळ कोरून चित्रे काढलेली आहेत. ज्या कारणांमुळे सडा आज रस्त्याला सोयीचा वाटतो, त्याच कारणांमुळे ही चित्रे आजवर टिकली: तेथे नांगर फिरला नाही की घर उठले नाही.

पेण तालुक्यापासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत नवा द्रुतगती महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाने योजला आहे. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्गही आहेच. कोकणाला चांगले रस्ते नकोत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याने मुंबई-गोवा महामार्गावर जे सोसले आहे, त्यानंतर रस्त्याच्या विरोधात बोलण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. प्रश्न रस्ता हवा की चित्रे हवीत, असा नाहीच. रस्त्याची रेघ कागदावर पक्की होण्यापूर्वी त्या रेघेखाली काय आहे हे कोणी पाहिले आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

कातळशिल्पांचे मोल आता जगाने मान्य केले आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणे नोंदली गेली. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले, तर फणसईमाळ गोव्यातले. कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला एक मनुष्याकृती दोन्ही बाजूंच्या वाघांसारख्या श्वापदांना थोपवून धरल्यासारखी उभी आहे. काही ठिकाणी गेंडा दिसतो. आज कोकणात गेंडा नाही. ज्याने तो कोरला त्याला मात्र तो ठाऊक होता. ही चित्रे नेमकी किती जुनी, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. मध्याश्मयुगापासून ऐतिहासिक काळाच्या आरंभापर्यंतचे अंदाज केले जातात. म्हणजेच संशोधन अद्याप पुरे झालेले नाही, आणि पुरावा मात्र उघड्या माळावर पडलेला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हजाराहून अधिक आकृत्यांची जी नोंद झाली, तिचे श्रेय कोणा मोठ्या सरकारी मोहिमेला नाही. रत्नागिरीतल्या काही हौशी अभ्यासकांनी गेल्या दीड दशकात गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ही चित्रे उजेडात आणली. पुरातत्त्व खाते मागाहून आले. यातून निघणारे अनुमान सरळ आहे: जी सापडली त्यांहून अधिक चित्रे अजून सापडायची असणार. अशी चित्रे उपग्रहाच्या छायाचित्रात सहज उमटत नाहीत. पुष्कळांवर माती चढलेली असते, गवत माजलेले असते. भर दुपारी त्यांच्यावरून माणूस चालत गेला तरी त्याला काही दिसत नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव रेषांत सावली भरली, की आकृती एकदम उभी राहते. सल्लागार कंपनीच्या मोटारीतून एका दुपारी उरकण्याचे हे काम नव्हे.

कायदा काय सांगतो? १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्रीय कायदा आणि त्याला २०१० साली झालेली दुरुस्ती यांनी संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण घातले. राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. या तरतुदी चांगल्याच आहेत. परंतु त्या सर्व सुरू होतात त्या स्मारकाचे नाव अधिसूचनेत आल्यानंतर. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारके देशभरात सुमारे ३,७०० आहेत. एवढ्या विशाल आणि प्राचीन देशात रक्षणीय असे तेवढेच आहे, असे कायद्याच्या कर्त्यांनाही वाटले नसेल. पर्यावरणीय मंजुरीसाठीच्या अर्जातही सांस्कृतिक महत्त्वाच्या जागांविषयी विचारले जाते, पण भर असतो तो कायद्याने संरक्षित अशा जागांवर. 'प्रकल्पाच्या परिसरात संरक्षित स्मारक नाही' असे उत्तर लिहिले, की रकाना भरतो. उत्तर खरे असते. मात्र ज्याची नोंदच झालेली नाही ते या खऱ्या उत्तराखाली कायमचे गाडले जाऊ शकते.

हे काल्पनिक भय नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाहोर-मुलतान लोहमार्ग घातला जात होता, तेव्हा रुळांखालच्या भरावासाठी ठेकेदारांना हरप्पाच्या टेकाडांत पक्क्या विटांची आयती खाण सापडली. पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथले अवशेष १८५० च्या दशकात पाहिले होते. १८७२-७३ मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा त्यांतले बरेच नाहीसे झाले होते. सुमारे शंभर मैलांचा लोहमार्ग त्या विटांनी भरला गेला, अशी त्यांची नोंद आहे. सिंधू संस्कृतीची घोषणा जॉन मार्शल यांनी केली ती १९२४ साली. ज्या संस्कृतीचे नावही जगाला ठाऊक नव्हते, तिच्या नगराच्या भिंती अर्धशतकापूर्वीच गाड्यांखाली गेल्या होत्या. विटा उपसणारे मजूर काही वारशाचे शत्रू नव्हते. विटा उपसण्यापूर्वी त्या कोणाच्या हे विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती, इतकेच.

ती पद्धत आज तरी आहे काय? २०२२ साली केंद्र सरकारने संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार केंद्राच्या संरक्षणाखालील पन्नास स्मारके जागेवर नाहीत. चौदा शहरांच्या वाढीत गेली, बारा जलाशयांत बुडाली, चोवीसांचा पत्ताच लागत नाही. या बेपत्ता स्मारकांत हरयाणातील कोसमिनारही आहेत. कोसमिनार म्हणजे जुन्या राजमार्गावरचे अंतर दाखवणारे मनोरे. रस्त्याच्याच खुणा हरवून बसलेल्या देशाने नव्या रस्त्यांच्या गतीचा फार अभिमान मिरवू नये. आणि ज्यांचे रक्षण करायचे असे ठरले होते, त्यांची ही अवस्था. मग नोंदीबाहेरच्यांची काय असेल?

पाहणी केली की सारे साधते, असेही नाही. ती केव्हा केली याला महत्त्व आहे. आयर्लंडची दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. तेथील रस्ते प्राधिकरणाने २००० साली पुरातत्त्वविषयक आचारसंहिता स्वीकारली आणि प्रत्येक मोठ्या रस्त्यासाठी पुरातत्त्वज्ञ नेमले. तरीही एम-३ हा महामार्ग आयरिश राजांचे प्राचीन पीठ मानल्या जाणाऱ्या तारा टेकडीजवळच्या खोऱ्यातून काढण्यास २००३ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे २००७ मध्ये लिस्मलिन येथे लोहयुगातील लाकडी खांबांच्या खळग्यांचे सुमारे ऐंशी मीटर व्यासाचे वर्तुळ उघडे पडले. त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, मोर्चे निघाले, न्यायालयाची दारे ठोठावली गेली. पण रेघ पक्की झालेली होती. अखेर त्या जागेचे उत्खनन झाले, नोंदी झाल्या आणि वर रस्ता गेला. शासकीय भाषेत याला 'नोंदीद्वारे जतन' म्हणतात. मृताचे छायाचित्र भिंतीवर लावण्यालाही जतनच म्हणावयाचे असेल, तर हा शब्द चालेल.

दुसरे उदाहरण वॉटरफर्ड शहराच्या वळणरस्त्याचे. त्याच्या मार्गावर वुडस्टाउन येथे २००३ मध्ये नवव्या शतकातील व्हायकिंग वस्ती सापडली. तेथे मार्ग बदलण्यात आला आणि वस्ती जमिनीखाली सुरक्षित राहिली. वळसा घेणारा हा रस्ता ऑक्टोबर २००९ मध्ये खुला झाला. जो जागचा हलला नाही तो एम-३, जून २०१० मध्ये. वळसा घेतला म्हणून रस्ता लवकर होतो, असा सिद्धान्त यावरून कोणी काढू नये. परंतु पुरातत्त्वामुळे रस्ते रखडतात, ही तक्रार मात्र यावरून तपासून घ्यावी. घरचेच उदाहरण हवे असेल तर पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणाचे आहे. २०११ मध्ये सुरू झालेले ते काम दशक उलटले तरी पुरे झाले नव्हते. कारणे दिली गेली ती भूसंपादनाची, ठेकेदारांची, पैशांची. कोणा पुरातत्त्वज्ञाने ते अडवले, असे कोणी म्हटल्याचे आढळत नाही.

मग करावयाचे काय? पाहणीचे काम मार्गाचे दोन-तीन पर्याय समोर असतानाच व्हावे. भूसंपादनाची अधिसूचना निघून जमीन शासनाकडे आली, मोबदले वाटले गेले, की मग सापडलेली प्रत्येक गोष्ट अडचण ठरते आणि अडचण कशी मिटवायची हे प्रत्येक ठेकेदाराला ठाऊक असते. पाहणी करणारी संस्था मार्ग आखणाऱ्या सल्लागाराच्या पगारावर नसावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांनी इनामगावासारखी उत्खनने वर्षानुवर्षे चिकाटीने केली आहेत. या कामाला लागणारी विद्या राज्यात नाही असे म्हणण्याची सोय नाही. पाहणीचा अहवाल मराठीत छापून, ज्या ज्या गावावरून रस्ता जाणार तेथील ग्रामपंचायतीत ठेवावा. गावकऱ्यांना आपला सडा अभियंत्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. सड्यावरच्या एखाद्या जागेचे नाव, पांडवांविषयीची एखादी गोष्ट, गुरे नेताना टाळायचा एखादा कातळ यांत पुष्कळदा खूण दडलेली असते. तालुक्याच्या शाळांतले शिक्षक आणि महाविद्यालयांतले इतिहासाचे विद्यार्थी यांना या कामात घेतले, तर खर्चही फारसा येणार नाही. भूसंपादनावर कोट्यवधी रुपये ओतणाऱ्या शासनाने त्या जमिनीवर काय आहे हे पाहण्यासाठी लागणाऱ्या पैशांची चणचण सांगावी, हे शोभणारे नाही.

यात एक अडचण ऋतूची आहे. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत वाळेपर्यंत सड्यावर काही दिसत नाही. गवत कापले गेले किंवा वणव्यात गेले, की मग पुढचा पावसाळा येईपर्यंतचे मोजकेच महिने हाती असतात. पेणपासून पत्रादेवीपर्यंतच्या सड्यांसाठी असा एक हंगाम पुरणार नाही, दोन लागतील. रस्त्याच्या वेळापत्रकात या दोन हंगामांचा रकाना आजच घालावा लागेल, आणि तो घालण्याची जागा भूसंपादनाच्या रकान्याच्या आधी आहे.