अखेरच्या मांडवात दोन वधू

‘चंद्रकांता संतति’च्या चोविसाव्या व अखेरच्या भागाविषयी नापसंती व्यक्त केली की एक ठराविक उत्तर मिळते : ‘राजेरजवाड्यांची कथा ती, राजांना अनेक राण्या असायच्याच. दोष काळाचा, लेखकाचा नव्हे.’ हे उत्तर मला मान्य नाही.

आमचे फुलचूर गोंदियाला लागून असल्याने हिंदी पुस्तके मराठी घरांतही सहज शिरतात. 1994 मध्ये दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली आणि मी देवकीनंदन खत्री (1861–1913) यांच्या मूळ ग्रंथांकडे वळलो. तिलिस्म, ऐयार, भुयारे, वेषांतरे! झोप उडविणारी ही प्रेमकथा आहे, हे मी आजही नाकारीत नाही.

पहिल्या ग्रंथातच लेखकापुढे नेमका हाच पेच होता. वीरेंद्रसिंहाचे मन चंद्रकांतेत गुंतलेले, आणि वाटेत उभी राहते वनकन्या. दोघींपैकी कोणाला दुखवावे? खत्रींनी काय केले? वनकन्या म्हणजे वेष पालटलेली चंद्रकांताच निघाली! नायकाची निष्ठाही राखली गेली आणि कोणाच्या वाट्याला अवहेलनाही आली नाही. राजाला अनेक राण्या चालत होत्या, तर ही युक्ती योजण्याचे कारणच काय होते?

पुढच्या पिढीच्या कथेत मात्र ते कौशल्य लोपले. शत्रूची कन्या किशोरी रोहतासगडाच्या कैदेपासून किती हाल सोसते! दुसरीकडे कमलिनी : चतुर, धीट, संकटात धावून येणारी. खरे सांगायचे तर मला किशोरीपेक्षा तीच अधिक आवडली. दोघींचेही प्रेम इंद्रजितसिंहावर. भागामागून भाग हा ताण वाढत जातो, आणि शेवटी दोघींनाही त्याच एका वराच्या हवाली केले जाते. धाकट्या आनंदसिंहाच्या पदरीही कामिनी आणि लाडिली! बाकीची पाने भूतनाथाच्या जुन्या अपराधांच्या आणि इतरांच्या पूर्ववृत्तांच्या हकिकतींनी व्यापलेली आहेत. जमाखर्च मिटवावा तसा हा शेवट वाटतो.

‘किशोरीची तक्रार नाही, मग तुमची का?’ असेही मला विचारण्यात आले. पण तिला राजी कोणी केले? लेखणी तर लेखकाच्याच हाती होती. विवाहात एकमेकांना सर्वस्व देण्याचे वचन ज्यांच्या घरांत मोलाचे मानले जाते, त्या वाचकांनी तरी या संमतीवर इतक्या सहज विश्वास ठेवू नये. कमलिनीला तर स्वतंत्र वाटेने पाठविता आले असते. तिलिस्माच्या वाटा तिच्याइतक्या कोणाला ठाऊक होत्या?