संमतीपत्र कोरे पाठवू नका

दिवाळीनंतर निवासी शिबिरांची संमतीपत्रे घरोघरी जातात. मुलाच्या पत्रावर लगेच सही होते, मुलीचे कोरेच परत येते. "रात्रीची कशी पाठवायची, मॅडम?" असे अम्मी विचारतात. फिक्र खरी आहे, पण ती मुलीपुरतीच का? 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली होत्या, मुलेही होती.

म्हणून पत्र दोघांपैकी कोणाचेही असो, आधी शाळेला विचारा. राज्याच्या 2021 च्या धोरणानुसार साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र पाहायला मागा. दोराची गाठ दुसरा माणूस तपासतो का? पाण्यात उतरायचे असेल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का? मुलींच्या खोल्यांजवळ रात्री कोणत्या शिक्षिका असतील? जेवणाचा प्रश्न त्या मानाने सोपा, शाकाहारी सांगून टाका. नमाजला प्रवासात सवलत आहेच. हिजाबही हेल्मेटखाली नीट बसतो. फक्त पिना काढून टोके आत खोचावी लागतात.

कडा चढताना एक मुलगी वर असते, दुसरी प्रशिक्षकाशेजारी उभी राहून खाली तिचा दोर धरते. वर्गात एकमेकींशी अबोला धरलेल्या मुलीही तिथे ओरडून विचारतात, "धरलंस ना गं?" हे मी फळ्यासमोर उभी राहून शिकवू शकत नाही.

पैशांची अडचण असेल तर तीही पत्रावर लिहा. कोऱ्या पत्रावरून आम्हाला काहीच कळत नाही.