पात्र आणि पात्रता

वारंवार दुष्काळाच्या झळा सोसणाऱ्या आपल्या धाराशिव जिल्ह्यांत सोन्याचा मुलामा दिलेले चषक व रेशमी वस्त्रें उपासनेस कशाला हवींत, असा प्रश्न कित्येक विचारी माणसें करितात. प्रश्न रास्त आहे. त्यास रागानें नव्हे, तर विचारानें उत्तर दिलें पाहिजे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पूजेचें साहित्य वेगळें राखण्याची चाल आपणांस परकी नाहीं. देवघरांतील ताम्हण, पळी व निरांजन कोणी स्वयंपाकास घेत नाहीं. पूजेला बसणारा सोवळें नेसतो. तुळजापूरच्या भवानीचे भक्त कवड्यांची माळ घालतात, ती शोभेसाठीं नव्हे. कॅथलिक उपासनेंतहि हाच भाव आहे. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयज्ञ, अर्पण करितांना धर्मगुरु अंगभर शुभ्र झगा घालतात, गळ्यांत स्टोल नांवाचा पट्टा घेतात व वरून रंगीत प्रावरण धारण करितात. त्यायोगें व्यक्ति झांकली जाते व तिचें सेवाकार्य पुढें येतें. प्रावरणाचा रंगहि बोलका असतो: नाताळ व पुनरुत्थानाच्या आनंदांत पांढरा, हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तांबडा, प्रायश्चित्ताच्या दिवसांत जांभळा आणि सामान्य काळांत हिरवा. चषकांतील द्राक्षारस व तबकडींतील भाकर हीं ख्रिस्ताचें रक्त व शरीर होतात अशी श्रद्धा आहे. म्हणून पात्र गंजणाऱ्या किंवा हलक्या धातूचें असल्यास त्यास सामान्यतः आंतून सोन्याचा मुलामा द्यावा असा दंडक आहे. बाहेरून नव्हे, आंतून!

हें सर्व मान्य करूनहि आमचें मत असें आहे कीं, या वस्तूंचें मोल सोन्यांत नाहीं. खुद्द ख्रिस्तसभेनें १९६९ सालीं भारतासाठीं परंपरागत वस्त्रांऐवजीं साधा अंगरखा व अंगवस्त्र, मेणबत्त्यांऐवजीं तेलाचे दिवे आणि वेदीवरील पवित्र रुमालाऐवजीं ताट वापरण्यास मोकळीक दिली. चवथ्या शतकांत मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनीं युद्धांतील बंदिवानांच्या सुटकेसाठीं चर्चमधील पवित्र पात्रें वितळविलीं आणि टीका झाली तेव्हां त्या कृत्याचें निर्भयपणें समर्थन केलें. त्याच काळांतील संत जॉन क्रिसोस्टम यांनींहि बजाविलें कीं, वेदीवर सुवर्णचषक मांडून उपाशी बांधवास विन्मुख पाठविणें हा ख्रिस्ताचा सन्मान नव्हे.

मग कॅथलिक मनुष्याचीं कर्तव्यें कोणतीं? रविवारीं व ठरलेल्या सणांना मिस्सेस हजर राहणें, वर्षांतून निदान एकदां पापनिवेदन करणें, पुनरुत्थानकाळांत ख्रिस्तप्रसाद घेणें, नेमलेल्या दिवशीं उपवास पाळणें आणि ख्रिस्तसभेच्या गरजा यथाशक्ति भागविणें. हीं पांच कर्तव्यें धर्माचा कळस नव्हत. तीं पाया आहेत. पित्यानें मुलास चर्चमध्यें धाडावें व आपण बाजारचा रस्ता धरावा, किंवा मुलानें मिस्सा आटोपून वर्गबंधूस जातीवरून हिणवावें, तर त्या रविवारांत काय उरलें? पायावर भिंतच चढली नाहीं, तर तो पाया कोणास निवारा देणार?

आपल्याच जिल्ह्यांतील तेर गांवचे संत गोरोबा कुंभार यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनीं जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणें मारून कोणतें मडकें कच्चें तें पाहिलें. आणि थोर नामदेवहि त्या परीक्षेंत कच्चे ठरले, असें सांगतात. संत पौलानेंहि माणसाला मातीच्या पात्राची उपमा दिली आहे. पात्र मातीचें, परंतु आंतील ठेवा अमोल.

विद्यार्थीमित्रहो, चषक घडविणें हें सोनाराचें काम आहे व तो घांसून स्वच्छ ठेवणें हें सेवकाचें. परंतु आपलें मडकें भाजून पक्कें करणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. पालकांनीं मुलांना पवित्र पात्राचा आदर अवश्य शिकवावा. पण त्याबरोबरच दारीं आलेल्या तहानेल्यास तांब्याभर पाणी देण्यासहि शिकवावें. तो तांब्याहि पात्रच आहे.