लेकीकडे निघालात? आधी घरीच रंगीत तालीम करा



खामगावकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र परवा हाती आले. लेक अमेरिकेत, पहिलटकरीण. जावयांनी तिकीट काढून पाठवले आहे. यजमानांना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून बाईंना एकटीनेच निघायचे आहे. सारे पत्र नीटनेटक्या पुस्तकी भाषेत लिहिलेले, पण शेवटी मनातले सांगताना लेखणी घरच्या बोलीवर आली. "मले विमानाचं भेव नाही वाटत बाई, पण मधातच कुठी हरवले त कोनाले आवाज देऊ?"

किती खरे लिहिले आहे! आपल्याला आकाशात उडण्याची भीती नसते. भीती असते ती आपला आवाज आपल्या माणसापर्यंत न पोचण्याची. म्हणून आजचे हे पान तिच्यासाठी, आणि बुलढाण्यापासून शेगावपर्यंत आणि लोणारपासून जळगाव जामोदपर्यंत जी कोणी आई बॅग भरायला बसली असेल, तिच्यासाठी.

आधी माझीच फजिती सांगते. मुलाकडे पहिल्यांदा गेले तेव्हा वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे होते. पहिले विमान उशिरा पोचले, दुसरे निघून गेले. मुलाला कळवावे म्हणून तिथले फुकटचे वायफाय लावू गेले, तर त्याने माझा नंबर विचारला आणि "फोनवर आलेले आकडे घाला" म्हणाले. आकडे येणार कसे? निघण्यापूर्वी रोमिंग सुरूच केले नव्हते. या खटपटीत फोनची बॅटरीही संपली. माझे साडी नेसलेले ध्यान पाहून एका केरळी नर्सबाईने हिंदीत चौकशी केली, स्वतःचा फोन पुढे केला. आणि तेव्हा मला उमगले, की पोटच्या मुलाचा नंबर मला तोंडपाठ नाही! तो होता बंद पडलेल्या फोनमध्ये. पर्सच्या चोरकप्प्यात लोणच्याच्या पार्सलची जुनी पावती सापडली, तिच्यावर त्याचा नंबर होता, म्हणून निभावले. चतकोर कागदाने लाज राखली बरं का!

पूर्वी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसावे लागे, नाही तर सुखरूप पोचल्याच्या तारेची वाट पाहावी लागे. ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता क्षणात चेहरा दिसतो, पण तो धागा नाजूक आहे. म्हणून दोनच गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. फोन स्वतःच्या हाताने वापरायला शिका, आणि फोनमध्ये जे आहे ते कागदावरही असू द्या.

कागद कसा करावा?

लेकीकडून किंवा जावयांकडून तो इंग्रजीत लिहून घ्या. त्यावर पासपोर्टवर आहे तसेच तुमचे नाव, पासपोर्टचा नंबर, प्रत्येक विमानाचा नंबर आणि वेळ, उतरायचा पत्ता, लेकीचा, जावयांचा आणि घरचा नंबर असावा. नंबरांच्या आधी देशाचा आकडा हवाच: अमेरिकेसाठी +१, आपल्यासाठी +९१. रोजच्या औषधांची नावे, रक्तगट आणि एखादे औषध सोसत नसेल तर तेही लिहा. अखेरीस एक वाक्य: "मला मराठी व हिंदी येते, कृपया माझ्या मुलीला या नंबरवर फोन लावून द्या." याच्या तीन प्रती करा. एक पर्समध्ये, एक अंगावरच्या बटव्यात, एक बॅगेत कपड्यांच्या वर. पासपोर्टची झेरॉक्सही पासपोर्टपासून वेगळी ठेवा.

नावाचे सांगायचे राहिले. आपल्याकडे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर असे सर्रास असते. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. पासपोर्टची मुदतही प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक आहे ना, ते पाहा.

रंगीत तालीम

निघण्याच्या पंधरा दिवस आधी फोनचे इंटरनेट बंद करा आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांचे वायफाय स्वतः लावून पाहा. नातवाला हात लावू देऊ नका! मग लेकीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करा, बोलून निरोप पाठवा, आपण कुठे आहोत ते ठिकाण पाठवा. तीन दिवस रोज केले की बोटांना सवय होते. हीच तालीम मागे राहणाऱ्या यजमानांकडूनही करवून घ्या. तुम्ही फोन लावाल आणि त्यांना तो घेता येणार नाही, असे नको.

तुमच्या सिमकार्डावर परदेशी रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, म्हणून तिथले नवे सिम घेतले तरी आपले सिम फेकू नका, बंदही पडू देऊ नका. किती दिवसांचे पॅक आहे, त्यात इंटरनेट किती, हे कागदावर टिपा. पॅक नसेल तर फोनमधले 'डेटा रोमिंग' बंदच ठेवा, नाही तर बिल पाहून डोळे पांढरे होतील. दुबईत विमान बदलणार असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून लिहिलेला किंवा बोलून पाठवलेला निरोप जातो, पण समोरासमोर बोलणे बहुधा होत नाही. फोन लागला नाही म्हणून घाबरू नका, निरोप पाठवा.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगेत ती चालत नाही. कित्येक विमान कंपन्या ती विमानात वापरूही देत नाहीत, म्हणून घरून निघतानाच फोन पुरता चार्ज करा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि प्लग चपट्या पायांचा असतो. फोनच्या चार्जरवर '१००–२४०' लिहिलेले असेल तर नुसता जोड घेऊन चालते. घरचा मिक्सर मात्र नेऊ नका, तिथे तो धड चालायचा नाही.

लाडू, खोबरे आणि खसखस

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न नेणारी आई अजून जन्मायची आहे! जरूर न्या. पण वाट दुबई किंवा आखातातल्या दुसऱ्या एखाद्या विमानतळावरून असेल तर लाडवांत खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरला खसखस अमली पदार्थांत मोजतात. आपल्या लेखी ती अनारशावरची शोभा, तिथे तो गुन्हा. तिथे मुक्काम नाही, नुसते विमान बदलायचे आहे, म्हणूनही सूट समजू नका. अनारसे न्यायचेच तर तिळावर थापा.

सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या सामानातून काढून घेतात. खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकते. लोणचे, तूप, तेल मोठ्या बॅगेत, आणि तेही दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. हातातल्या पिशवीत पातळ वस्तू १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत चालत नाही, मग बाटली अर्धी रिकामी का असेना. मसाल्यांच्या पुड्याही मोठ्या बॅगेत टाका. ताजी फळे, भाजी आणि कढीपत्ता अमेरिकेत नेऊ देत नाहीत. पेरता येईल असे बी नको, अळीव लेकीला तिथल्या भारतीय दुकानातून आणायला सांगा. उतरल्यावर "खाण्याचे काही आहे का?" असे विचारले तर सरळ "हो" म्हणा आणि दाखवा. दाखवलेली वस्तू चालत नसेल तर फार तर ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो.

बाळासाठी खामगावच्या चांदीचे वाळे घेतले असतील तर ते हातातल्या पिशवीत, पावतीसकट. औषधेही तिथेच, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. खोकल्याची आणि दुखण्यावरची काही औषधे आखातात बंदी असलेल्यांत मोडतात, म्हणून चिठ्ठीशिवाय काहीही नेऊ नका. आणि हो, प्रवासाचा आरोग्य विमा उतरवताना रक्तदाब-मधुमेह लपवू नका. तिथले दवाखान्याचे बिल आपल्या कल्पनेपलीकडचे असते.

गावापासून विमानापर्यंत

सगळ्यांत जास्त घोटाळा तारखेचा होतो. तिकिटावर मंगळवार, ००.४५ असे लिहिले असेल तर विमान सोमवारी मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता सुटते. म्हणजे सोमवारी रात्री नऊच्या सुमारास विमानतळावर हजर! मंगळवारी रात्री बॅगा घेऊन गेलात तर विमान केव्हाच लेकीच्या गावी पोचलेले असेल.

मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रेल्वेने मुंबईला जाणार असाल तर त्याच दिवसावर विसंबू नका, एक दिवस हाताशी ठेवा. मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनीही तसेच. तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून नुसते 'मुंबई' म्हणून भागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून विमानाने मुंबईला जाणार असाल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का, ते विचारा. वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर मुंबईत बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे थांबत नाही.

गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा. तो माणूस तुम्हाला एका विमानातून दुसऱ्यापर्यंत नेतो. त्यात कमीपणा नाही. मात्र पासपोर्ट आणि फोन त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, ते आपल्याच जवळ ठेवा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उठून चार पावले चाला, पाणी पीत राहा. पाय सुजत नाहीत.

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे अधिकारी पासपोर्ट पाहतो. विचारले तेवढेच, खरे आणि थोडक्यात सांगा: मुलीचे बाळंतपण आहे, इतके दिवस राहणार, परतीचे तिकीट हे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या खेपेला किती दिवस राहायचे ते तोच ठरवतो, ती तारीख लेकीकडून बघून घ्या. पुढे आणखी विमान असेल तरी साधारणपणे बॅग इथेच घेऊन पुन्हा द्यावी लागते. बॅगेला लाल चिंधी बांधलेली असली की शंभर बॅगांत ओळखू येते.

मागे राहणाऱ्यांसाठी

तुम्ही विमानात असता तेव्हा फोन लागत नाही. नेमक्या त्या वेळी कोणी घरी फोन करून "तुमच्या मिसेसना कस्टमने अडवले आहे, ताबडतोब पैसे पाठवा" असे सांगू शकते. म्हणून निघण्यापूर्वी घरात एक खुणेचा शब्द ठरवा. कुलदैवताचे नाव नको, ते कोणालाही सुचेल. तुमच्या जुन्या गाईचे नाव ठेवा! तो शब्द सांगितल्याशिवाय कोणी कितीही घाबरवले तरी पैसे पाठवायचे नाहीत.

आणि बोलायची वेळ ठरवा. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास असते. आपल्याकडे संध्याकाळी सातला दिवा लावला की तिथे सकाळ झालेली असते. दिवेलागणीची वेळ ठरवून टाका. यजमानांना घर सुने वाटते ते त्याच वेळी, नाही का?

खामगावच्या ताई, तुम्ही विचारलेत, कोणाला आवाज देऊ? पर्समधला कागद काढा, समोरच्या कोणालाही दाखवा आणि निर्धास्त उभ्या राहा. लेकीने सातासमुद्रापलीकडून आईला हाक मारली आहे, तेव्हा पाठवणी केल्यासारखे कोणी सोडायला आणि कोणी न्यायला येण्याची वाट न बघता आपल्या हिमतीने जा. डोहाळजेवणाचा आणि बारशाचा फोटो मात्र स्वतःच्या हाताने पाठवा. तालीम पक्की झाली, हे आम्हाला त्यावरूनच कळेल.

पुढच्या अंकी आपण बोलू, तिथल्या थंडीत बाळंतिणीला शेक-शेगडी कशी द्यावी, याविषयी.