बिनकाडतुसाचा सराव

आमच्या मराठवाड्यात घरात बंदूक म्हटलं की जुनी माणसं अजूनही क्षणभर गप्प होतात. १९४८ सालच्या रझाकारांच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. नाहीतर मग वरातीत हवेत बार काढणारे शूरवीर! (२०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा बेदरकारपणाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

त्यामुळे लातूरला राहणारी माझ्या पुतण्याची मुलगी शॉटगनचा सराव घरी करायचा म्हणाली, तेव्हा पुतण्यानं मला नांदेडला फोन लावला. "काका, तुम्हीच सांगा तिला. बारावी होऊ द्या म्हणावं. आणि काडतुसाशिवाय कसला सराव? पोरखेळ नुसता!"

बारावीचं राहू द्या, पण काडतुसाचं त्याचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही.

आपल्याला नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे आठवतो. २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं कांस्य मिळवलं, पण ते रायफलीत. तिथं शरीर दगडासारखं स्थिर लागतं. शॉटगनचं उलटं. तिथं ११ सेंटीमीटर व्यासाची तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं उडते, आणि नेमबाजानं तिच्याबरोबर वळायचं असतं. स्कीट प्रकारात तर तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशीच ठेवावा लागतो. म्हणजे बंदूक वर येणं, दस्त्याला गाल टेकणं, खांद्यात बसणं, हे सगळं एका झटक्यात आणि दरवेळी अगदी तस्संच व्हायला हवं. बार होतो तो यानंतर. मग हा आधीचा भाग शिकायला काडतूस कशाला हवं?

पॅरिसलाच स्कीटच्या मिश्र दुहेरीत अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं कांस्य ४४-४३ असं हुकलं. एका तबकडीनं! ती एक तबकडी कुठल्या सरावात मिळवायची असते, सांगा बरं?

घरचा सराव साधा आहे. आरशासमोर उभं राहायचं. मान खाली नेऊन दस्ता शोधायचा नाही, दस्ता गालापर्यंत वर आला पाहिजे. नंतर नळीला छोटी बॅटरी बांधायची आणि भिंत नि छत जिथं मिळतात त्या रेघेवरून उजेड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्यायचा. हात नुसते फिरले तर उजेड रेघ सोडतो. कमरेतून वळलात तर टिकतो. नजर मात्र रेघेवरच हवी, नळीच्या टोकाच्या मण्यावर नको. पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात.

खरं मैदान शहराबाहेरच असतं, कारण छर्रे दोनेकशे मीटर लांब जाऊन पडतात. रोज कोण जाणार? आणि गंमत म्हणजे हाच पुतण्या पोरीला रोज घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवतो. लातूर पॅटर्नचा अभिमानी ना! त्या उत्तरपत्रिकेला कोण मार्क देतं? ते चालतं, आणि हा पोरखेळ?

त्याची खरी भीती घरात हत्यार येण्याची आहे, आणि ती मला मान्य आहे. म्हणून माझं मत असं, की पहिले सहा महिने घरात बंदूक नकोच. एक जाड काठी पुरे, तिला वाळूची पुरचुंडी बांधून वजन तीन-साडेतीन किलो करा. पोर अजून एकवीसची नाही, तिच्या नावावर बंदूक होतही नाही. प्रशिक्षणासाठी कायद्यात वेगळी सोय आहे, ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मैदानावरच वापरावी.

पुढं रीतसर परवाना होऊन बंदूक आलीच, तर नळी मोडून आत डोकावून पाहायचं, आणि मग दुसऱ्या माणसानंही पाहायचं. काडतुसं त्या खोलीत नकोतच, वेगळ्या कुलपात. सराव चालू असताना खोलीत लेकरू आलं की सराव बंद. आणि पाहुण्यांनी "बघू तरी" म्हणून कितीही गळ घातली तरी हातात द्यायची नाही. रुसले तर रुसू द्यात. आणखी एक कप चहा टाका त्यांच्यासाठी.