मुंबईत नवख्याची सोय कोण लावणार?

रात्रीची लातूर–मुंबई एक्स्प्रेस बार्शीकरांना सकाळी सीएसएमटीला आणून सोडते. नोकरीसाठी निघालेल्या पोरापोरींच्या पिशवीत घरून दिलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असते. बार्शीच्या कोरड्या हवेत ही भाकरी दिवसेंदिवस कुडकुडीत राहते. मुंबईच्या दमट हवेत डब्याचे झाकण नीट लागले नाही की ती लगेच वातड होते. जुलैत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, अंगाचा घाम सुकत नाही.

हवेची सवय होते, लोकलच्या गर्दीचीही होते. राहण्या-जेवण्याची घडी मात्र लवकर बसत नाही, आणि ती बसवायचा सगळा भार आज एकट्या नवख्यावर पडतो. हे अन्यायाचे आहे. एके काळी या मुंबईत नवख्याला सामावून घेणारी व्यवस्था होती.

बार्शी-मुंबई राबता जुना आहे. 1897 मध्ये नॅरोगेज रेल्वेने बार्शी कुर्डुवाडीला, म्हणजे मुंबईच्या मुख्य मार्गाला जोडली गेली. शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचेच. 1916 चा जन्म, खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, पुढे कोल्हापूरचा चित्रपट स्टुडिओ आणि तिथून मुंबई. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर त्यांना इथे भेटले, लाल बावटा कलापथक उभे राहिले. अमर शेखांचा पहाडी आवाज पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घुमला. परगावच्या माणसाला मुंबईत सोबती आणि व्यासपीठ मिळाले, म्हणून हे घडू शकले.

गिरणगावात ही सोय लोकांनीच लावली होती. गावकीच्या खोलीचे भाडे सगळे मिळून भरत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथेच पथारी टाकी. ज्याची त्याची ट्रंक भिंतीशी. बीडीडी चाळीतली खोली अवघी 160 चौरस फुटांची, पण नवा आलेला माणूस उघड्यावर पडत नसे. जेवण खानावळवाल्या मावशीकडे, हिशेब पगाराला. या बायकांनाही भांडवलासाठी सावकाराचे दार धरावे लागे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

त्या व्यवस्थेत उणिवा होत्याच. गावकीच्या खोलीत एकट्या बाईला जागा नव्हती आणि जातीचा उंबरठाही अनेकदा आडवा येई. म्हणून ती जशीच्या तशी परत आणा, असे कोणी म्हणणार नाही.

पण तिच्या जागी दुसरे काही आलेच नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू गिरणगाव विस्कटले. गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा महापालिका आणि म्हाडाला देण्याचा नियम 1991 मध्ये झाला. 2001 च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. कष्टकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी मिळू शकणारी जमीन हातची गेली आणि तिथे टॉवर व मॉल उभे राहिले.

आज बार्शीची नर्स, डिलिव्हरीवाला किंवा नवा इंजिनिअर कॉट बेसिसवर राहतो. डिपॉझिट आधी, ओळखपाळख नंतर. आजारी पडले तर पेज करून द्यायला कोणी नसते.

यावर उपाय आहेत. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी केंद्राची सखी निवास योजना आहे; तिच्यातली वसतिगृहे स्टेशनांजवळ झाली पाहिजेत. म्हाडाने विकायच्या घरांबरोबर महिन्याच्या भाड्याच्या खाटाही बांधाव्यात.

बार्शीनेही हात आखडू नये. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी 1934 मध्ये श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ उभे केले आणि खेड्यातल्या पोरांसाठी बार्शीत शिक्षणाची दारे उघडली. त्याच गावातल्या संस्था, व्यापारी आणि मुंबईत स्थिरावलेले बार्शीकर यांनी मिळून ठाणे-कळव्याकडे एक वसतिगृह उभारावे. जात न विचारता, मुलगा-मुलगी दोघांना, पहिल्या तीन महिन्यांसाठी. निधी कसा जमवायचा आणि जागा कोण पाहणार, एवढे ठरवायला बार्शीतली एक बैठक पुरेशी आहे. ती पुढचे कॉलेज वर्ष संपण्याआधी व्हावी.