गाडीचा ॲम्प्लिफायर घरात येतो तेव्हा



दिवाळी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे आणि रातभर रंगणाऱ्या नाटकांचे दिवस सुरू होतात. यंदा त्याच सुमारास मी चांदा फोर्टहून गोंदियाकडच्या गाडीने वडशाला धाकट्या जावेकडे गेले होते. भाऊजींनी जुनी जीप विकली होती, पण तिच्यातला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर काढून ठेवले होते. धाकटीच्या महिला मंडळाचे दर गुरुवारी घरी भजन असते. पेटी आहे, खंजिरी आहे, माइकचा छोटा मिक्सरही आहे (स्वयंपाकघरातला नव्हे हो, आवाजाचा!). फक्त मागे बसणाऱ्या बायांना शब्द ऐकू जात नव्हते. तेव्हा पडून असलेला ॲम्प्लिफायर वापरावा असे तिने ठरवले. संसारी बाईला असे सुचायचेच!

अडचण एकच. गाडीचा ॲम्प्लिफायर बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालतो आणि आपल्या भिंतीतली वीज 230 व्होल्टची. मध्ये वीज उतरवून देणारा डबा हवा. त्याला दुकानात पॉवर सप्लाय किंवा एसएमपीएस म्हणतात.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, बॅटरीचा चार्जर आहे न घरी, नवीन काहून आणायचं?" लावून पाहिला, तर भजनाआधी भुंग्यासारखी घरघर सुरू! साध्या चार्जरची वीज सलग नसते, धक्क्याधक्क्याने येते. बॅटरीला ते चालते, आवाजाला चालत नाही. नव्या तऱ्हेचे चार्जर तर समोर बॅटरी नसली की सुरूच होत नाहीत.

मग पुतण्याने बाजारातून जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस आणला. आवाज छान लागला. पण डबा ठेवला होता देवघराशेजारी, जमिनीवर. त्याच्या एका अंगाला स्क्रूंची रांग उघडीच होती आणि त्याच रांगेत 12 व्होल्टच्या शेजारी 230 व्होल्टचे स्क्रू! आरती चालू असताना दीड वर्षाची नात रांगत तिथे पोचली. ओला हात, वीतभर अंतर. शेजारच्या बाईंनी तिला उचलले म्हणून निभावले. त्या रात्री मला झोप आली नाही. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नव्या नाहीत. तीच वीज आपण हौसेने देवघरात आणून उघडी ठेवतो, याचा विचार कोण करतो? म्हणून आजचे हितगुज यावर.

किती मोठा डबा घ्यावा? खोक्यावर "1000 वॅट" छापलेले असते, त्याला भुलू नका. तो क्षणभराचा आकडा असतो. ॲम्प्लिफायरच्या अंगावरचा फ्यूज पाहा, तो खरे बोलतो. फ्यूज 20 ॲम्पिअरचा असेल तर ॲम्प्लिफायर सहसा त्याहून जास्त ओढणार नाही. तेव्हा 12 व्होल्ट, 25 ते 30 ॲम्पिअरचा सप्लाय पुरे. दोन फ्यूज असतील तर बेरीज करा. थोडी सैल माप घेतलेली बरी, चोळी शिवताना घेतो तशी. अगदी काठोकाठचा डबा ढोलकीच्या थापेला दम तोडतो आणि आवाज फाटतो.

भिंतीचे बटण जळेल का? 30 ॲम्पिअर ऐकून धाकटी घाबरली होती. पण हे 30 ॲम्पिअर 12 व्होल्टच्या बाजूचे. उंच टाकीतून पाण्याची बारीक धार जोरात येते. तेवढेच पाणी मामा तलावाच्या सपाट पाटातून न्यायचे तर पाट रुंद लागतो. तसेच हे. 12 गुणिले 30 म्हणजे 360 वॅट. डब्यात थोडी वीज उष्णतेत जाते ती धरूनही भिंतीतून जेमतेम 2 ॲम्पिअर ओढले जातात. घरातले साधे 6 ॲम्पिअरचे सॉकेट पुरते. मात्र पाट रुंद हवा. डब्यापासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार 6 चौरस मिलिमीटरची, तांब्याची आणि हात-दीड हात लांबीचीच ठेवा. दिव्याची बारीक वायर लावली तर ती तापते, वरचे आवरण वितळते. डब्याजवळच त्या तारेत वेगळा फ्यूजही बसवून घ्या.

घेताना काय पाहाल? अनेक डब्यांवर 110 आणि 220 असे छोटे बटण असते. ते 220 वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहा. 110 वर राहिले तर डबा पहिल्याच क्षणी फुटल्यासारखा आवाज करून जातो. आत पंखा असेल तर जाळीवर कापड, पडदा येऊ देऊ नका. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर सुमारे 14 व्होल्ट असतात, म्हणून सप्लायचा आकडा 13 च्या वर, 13.8 पर्यंत असलेला चांगला. तो कमीजास्त करायचा स्क्रू डब्यावर असतो, पण त्याला हात मेकॅनिकनेच मीटर लावून लावावा.

सगळे जोडले तरी मुका? गाडीत किल्ली फिरवली की एका बारीक तारेने ॲम्प्लिफायर जागा होतो. "रिमोट" लिहिलेल्या त्या जागेलाही 12 व्होल्टची बारीक तार आणि एक बटण लावावे लागते. आमच्याकडे निम्मा दिवस यातच गेला.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे. डबा बंद पेटीत, हवेला भोके ठेवून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर बसवा. पाणी, समई, निरांजन यांपासून दूर ठेवा. प्लग तीन पिनांचाच हवा. तिसरी पिन कापून दोन पिनांवर काम भागवणाऱ्याला घरात पाऊल ठेवू देऊ नका. घराला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी घरात बसवला असेल तर फारच उत्तम. तारांना हात लावायचा तर आधी प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की भजन थांबवून प्लग काढलेला देवालाही चालतो.

धाकटीने मंडळाच्या शिलकीतून पेटी करून घेतली, वायरमनला बोलावले. भाऊजी म्हणाले, "एवढा खर्च!" ती म्हणाली, "नातीच्या हातापेक्षा जास्त नाही न?" त्यावर भाऊजी गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फळी ठोकून दिली.

पुढच्या गुरुवारी मागच्या रांगेतल्या आजींनाही शब्द न् शब्द ऐकू गेला. नात पुढे बसून टाळ्या पिटत होती.